पोथीतला दुसरा अर्थ

रोममध्ये अर्किपोसला त्याच्या नावानं हाक मारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. देवळातले पुजारी त्याला 'वाचक' म्हणत, गुरांच्या बाजारातले लोक 'पोथीवाला' म्हणत, आणि कायद्यानं पाहिलं तर तो रोमच्या जनतेच्या मालकीचा गुलाम होता. रस्ते, नळ, देवळं जशी सगळ्यांची, तसा तोही सगळ्यांचा.

मूळचा तो सिसिलीतल्या अक्रागास गावचा. बाप थडग्यांवरची अक्षरं कोरायचा. अर्किपोस लिहायवाचायला शिकला तो मेलेल्या माणसांच्या नावांवरून. नऊ वर्षांचा असताना रोमन फौजेनं गाव फोडलं. बाप वेशीपाशीच गेला, आई एका जहाजावर चढवली गेली आणि तो दुसऱ्या. रोमच्या धक्क्यावर उतरल्यावर कुणीतरी पाहिलं की हे पोर पेटाऱ्यांवरची ग्रीक अक्षरं घडाघडा वाचतंय. तेवढ्यावरून तो खाणीत जायचा वाचला आणि पोथ्यांपाशी आला.

पोथ्या म्हणजे सिबिल्लेच्या. फार जुन्या काळच्या त्या भविष्य सांगणाऱ्या बाईचे बोल, सगळे ग्रीक भाषेत, सगळे पद्यात. कॅपिटॉल टेकडीवर जुपिटरच्या देवळाखाली तळघर होतं, तिथं दगडी पेटीत ठेवलेले. रोमवर काही ओढवलं, साथ आली, पीक बुडालं, दोन डोक्यांचं वासरू जन्मलं, की सिनेट दहा पुजाऱ्यांच्या मंडळाला सांगे, "पोथी बघा." ते दहाही जण मोठ्या घरचे. ग्रीक त्यांना येई, पण अडखळत. म्हणून दोन ग्रीक वाचक ठेवलेले. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं कान देऊन ऐकायचं आणि चुकलं तर बोट वर करायचं. अर्किपोस वाचे. सीमोस नावाचा म्हातारा बोट वर करायला असे, पण वीस वर्षांत त्यानं ते कधी केलं नव्हतं.

याच पोथ्यांच्या सांगण्यावरून एका साथीत वैद्यांचा देव सापाच्या रूपात ग्रीसहून जहाजात बसून आला होता आणि नदीतल्या बेटावर उतरला होता. याच पोथ्यांमुळे सेरेस देवीचं देऊळ झालं. तिथली पुजारीण पहिल्यापासून ग्रीक, दक्षिणेच्या गावांतून आणलेली, आणि मंत्रही ग्रीक. देवीपुढं उभं राहायचं ते ग्रीकांसारखं, डोकं उघडं ठेवून आणि लॉरेलचा मुकुट घालून. ते मुकुट गुंफायची मिर्टो.

मिर्टो दक्षिणेकडच्या नेआपोलिस गावची. एका तेलवाल्या विधवेची दासी होती. विधवा मरताना तिला मोकळी करून गेली. सेरेसच्या देवळामागच्या खोलीत ती आणि अर्किपोस अकरा वर्षं एकत्र राहत होते. गुलामाचं लग्न लागत नाही, म्हणून त्या नात्याला नाव काही नव्हतं. तिची बोटं कायम डहाळ्यांच्या चिकानं हिरवी. मुकुट वळता वळता ती म्हणायची, "तुझ्या मालकांचे देव म्हणजे सगळी दत्तक पोरं रे. हा आमच्याकडचा, तो शेजारच्या एत्रुस्कनांकडचा. घरचं एखादं तरी आहे का?"

"हळू बोल," अर्किपोस म्हणायचा आणि हसायचा.

त्या वर्षी हसणं बंद झालं. उत्तरेच्या डोंगरापलीकडं गॉल टोळ्या जमताहेत अशी बातमी आली. गॉलांनी एकदा रोम जाळलं होतं. त्याला दीडशेवर वर्षं होऊन गेली होती, तरी आया अजून पोरांना गॉलाचीच भीती घालत. बातमीमागोमाग कॅपिटॉलवर वीज पडली. कलेजी बघून शकुन सांगणाऱ्या एत्रुस्कन भगताला बोलावलं. त्यानं कोकराची कलेजी हातात घेऊन तीनदा फिरवली आणि म्हणाला, "हिचा एक भागच नाही. अपशकुन." बाया मोकळ्या सोडलेल्या केसांनी देवळांच्या पायऱ्या पुसायला लागल्या. माणसं धान्य पुरून ठेवायला लागली. मग सिनेटनं सांगितलं, पोथी बघा.

तळघरात दहा जण, दोन वाचक आणि चार दिवे. पेटी उघडली. ठरल्या रीतीनं पान निघालं आणि अर्किपोसनं वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीवर त्याचा आवाज अडकला.

"पुढं," मंडळातला सगळ्यात वडीलधारा माणूस म्हणाला.

अर्किपोसनं वाचलं. मग रिवाजाप्रमाणे लॅटिनमध्ये अर्थ सांगितला. "वीज टेकडीला शिवेल तेव्हा रोमनांनो सावध व्हा. गॉल आणि ग्रीक तुमच्या नगराची भुई धरतील."

दहाही जण एकमेकांकडं बघायला लागले.

"गॉल समजलं," एक जण म्हणाला. "पण ग्रीक?"

"गावात किती आहेत ग्रीक?" दुसऱ्यानं विचारलं. "धक्क्यावर, बाजारात, घराघरांत. प्रत्येक घरात एक तरी आहे. आपल्या मुलांना शिकवताहेत, आपली अन्नं शिजवताहेत. गॉल बाहेरून आले आणि यांनी आतून दार उघडलं तर?"

"हाकला सगळ्यांना."

"हाकलून काय होणार? जाऊन गॉलांनाच मिळतील. आजच धरा. सगळे धरा."

अर्किपोसला देवळामागची खोली दिसली, डहाळ्यांचा भारा दिसला, हिरवी बोटं दिसली. शहरातले दोन-तीन हजार ग्रीक आणि त्यांत मिर्टो. वाचकानं विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही हा नियम त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मोडला.

"धनी, एक सांगू? या शब्दाचा दुसराही अर्थ होतो."

दहाही तोंडं त्याच्याकडं वळली. कोपऱ्यात सीमोस मान खाली घालून बसला होता. तो तसाच राहिला.

"बोल," मामिलियस म्हणाला. दहांमधला हा सगळ्यात तरुण, मवाळ बोलायचा. अर्किपोसला त्याच्या नावानं हाक मारणाऱ्यांतला तो एक होता.

"भुई धरणं म्हणजे जिंकणं, हे खरं," अर्किपोस म्हणाला. "पण आमच्याकडं मेलेल्यांबद्दलही असंच लिहितात. माझा बाप थडगी कोरायचा. परमुलखात मेलेल्या माणसाच्या दगडावर तो कोरायचा, की यानं अमक्या गावची भुई धरली. म्हणजे तो तिथं पुरलाय. तेव्हा ओळीचा अर्थ असाही होईल, की ग्रीक आणि गॉल इथल्या मातीत पडतील. इथं मरतील. त्यात रोमला भिण्यासारखं काही नाही."

त्यानं पाहिलं, तोंडं सैल झाली. वडीलधाऱ्यानं चक्क मान डोलावली. त्या क्षणी अर्किपोसला जे वाटलं त्याची लाज त्याला पुढं जन्मभर वाटत राहिली. त्याला अभिमान वाटला होता. बापाच्या एका शब्दानं हजारो माणसं वाचवली असं वाटलं होतं.

मग मामिलियस त्याच्या मवाळ आवाजात म्हणाला, "म्हणजे सोपं आहे. त्यांना भुई देऊन टाकू. एक ग्रीक जोडपं, एक गॉल जोडपं. गुरांच्या बाजारात खड्डा करून जिवंत पुरायचं. नगराची भुई त्यांनी धरली, भविष्य खरं झालं, आणि आपण मोकळे."

"माणसं?" कुणीतरी चाचरत म्हणालं. "ही आपली रीत नाही."

"आपली नाहीच," मामिलियस म्हणाला. "पोथी ग्रीक आहे, रीत ग्रीकांचीच म्हणायची. ऐकलंत ना वाचकानं काय सांगितलं?"

वर उजेडात आल्यावर पायऱ्यांवर सीमोसनं अर्किपोसची बाही धरली.

"तो दुसरा अर्थ मलाही माहीत होता," तो म्हणाला. "बोट वर करायला मला काय झालं होतं? पण या लोकांसमोर दोन अर्थ ठेवायचे नसतात रे. ते दोन्ही वापरतात."

अर्किपोस धावत मामिलियसच्या पालखीमागं गेला. रस्त्यातच पुढं होऊन गुडघे टेकले.

"धनी, चुकलो मी. तो अर्थ इथं बसत नाही. वृत्तातही बसत नाही. मी उगाच बोललो."

मामिलियसनं पालखी थांबवली. रागावला नाही. "अर्किपोस, नीट विचार करून बोल. तू पोथी खोटी वाचलीस असं म्हणतोस का? त्याला शिक्षा काय, ठाऊक आहे ना?"

"कातड्याच्या पोत्यात शिवून नदीत."

"ती तुझी झाली. आणि मग पहिला अर्थच खरा ठरणार. ग्रीक नगर घेणार. मग दोन ग्रीक कशाला, सगळेच धरावे लागतील. तू सांग, मी परत जाऊन तसं सांगतो. सांगू?"

अर्किपोस रस्त्यावर गुडघ्यांवर तसाच राहिला.

"ऊठ," मामिलियस म्हणाला. "तू आज नगरावर उपकार केलेस. माझ्या लक्षात राहील."

तिथून अर्किपोस पळत सुटला. टेकडीवरून खाली, गुरांच्या बाजारातून, सेरेसच्या देवळाकडं. दुसरा रस्ताच नव्हता. बाजाराच्या तोंडाशी ग्लिकाची भट्टी होती. ग्लिका तारास गावची ग्रीक, पन्नाशीला आलेली, जाडजूड. गरम फुटाणे विकायची आणि तिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चाले. अर्किपोसला ती रोज सकाळी मूठभर फुटाणे फुकट द्यायची आणि बदल्यात एक तरी टोमणा मारायची.

"ए पोथीवाल्या!" ती ओरडली. "बुडाला आग लागलीय का? कुठं पळतोयस?"

तो थांबला नाही. तिच्याकडं पाहिलंही नाही. "काही नाही, काही नाही," असं म्हणत पुढं गेला. मागून तिचं हसू ऐकू आलं.

तो थांबला असता तरी त्याला सांगता आलं असतं का? मंडळात काय झालं ते बाहेर बोलणाऱ्यालाही पोतंच होतं. पण त्या वेळी त्यानं पोत्याचा विचार केला नव्हता. एवढंच मनात होतं, की मिर्टोला गाठायचं आणि वाटेत दुसऱ्या कुणाचं ओझं अंगावर घ्यायचं नाही.

मिर्टो दारात बसली होती. त्यानं तिला दंडाला धरून उठवलं. ती "अरे, अरे" करत राहिली. मुकुट मांडीवरून खाली सांडले. सेरेसच्या पुजारणीचं घर देवळाला लागून होतं. पुजारणीचं नाव लाओदिके, एलिया गावची, उंच, पांढऱ्या केसांची. रोमनांनी तिला नागरिक करून घेतलं होतं, कारण देवीची प्रार्थना परकीच्या तोंडून होऊ नये असं त्यांना वाटे.

"बाई, हिला आत घ्या," अर्किपोस म्हणाला. "देवीची दासी म्हणून सांगा. आजपासून नाही, पहिल्यापासून."

लाओदिकेनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि तिला काय कळायचं ते कळलं.

"किती जणी नेणार?" तिनं विचारलं.

"एक. ग्रीक बाई एक. एक पुरुष."

"आत ये गं," ती मिर्टोला म्हणाली. "एकटीच. तू नको येऊस, अर्किपोस. आणि दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. माझ्या घराला एकच दासी शोभते."

तिसऱ्या दिवशी ग्लिकाला नेलं. दुपारी, गिऱ्हाइकं उभी असताना. तिला वाटलं वजनात खोट म्हणून धरताहेत. ती ओरडत होती, "अरे, तराजू तरी बघा! माझं माप बाजारात सगळ्यांत भरलेलं!" लोक हसले. पुरुष म्हणून धक्क्यावरचा एक ग्रीक हमाल उचलला. तो आठवड्यापूर्वीच आला होता, त्याला लॅटिनचा एक शब्द येत नव्हता. गॉल जोडपं कैद्यांमधलं होतं.

बातमी कळल्यावर अर्किपोस पुन्हा मामिलियसच्या दारात गेला. या वेळी तो रडला नाही. म्हणाला, "मला घ्या. मी ग्रीक आहे, पुरुष आहे. हमालाला सोडा. आणि बाई नकोच. पोथीत बाई कुठं म्हटलंय?"

"तू नगराचा आहेस," मामिलियस म्हणाला. "नगर आपली वस्तू जमिनीत पुरत नाही. आणि तू गेलास तर वाचणार कोण? सीमोसला दिसत नाही. तिथं खड्ड्याशी ग्रीक मंत्र म्हणायचा आहे, तोही तूच म्हणायचास."

तो लाओदिकेकडं गेला. दाराबाहेर उभा राहूनच म्हणाला, "तुम्ही नागरिक आहात. मंडळ तुमचं ऐकतं. देवीला हे मान्य नाही, एवढं म्हणा."

लाओदिकेनं दार अर्धं ओढून घेतलं. आतून मिर्टोचा खोकला ऐकू येत होता.

"मी तोंड उघडलं," ती म्हणाली, "तर त्यांना आठवेल की मीही ग्रीक आहे. मग माझं घर शोधतील. घरात कोण सापडेल?"

अर्किपोस परत फिरला. त्या रात्री तो झोपला नाही, जेवलाही नाही. खोलीत मिर्टोनं सांडलेले मुकुट होते, ते त्यानं एकात एक घालून भिंतीला लावून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढून जमिनीवर मांडले. बापाची आठवण येत होती. छिन्नी उचलताना बाप मेलेल्याचं नाव मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे अक्षर चुकत नाही. त्या नावांपैकी एकही आता आठवत नव्हतं. तो एक शब्द तेवढा आठवत होता.

बाजाराच्या मधोमध खड्डा तयार होता. चारी बाजूंनी दगड लावलेले, आत उतरायला शिडी, कोपऱ्यात पाण्याचा तांब्या, भाकरी आणि दिवा. आम्ही कुणाला उपाशी मारलं नाही असं देवांना सांगता यावं म्हणून ते ठेवायचं. गुरं दोन दिवस बाजारात आणली नव्हती. माणसं मात्र एवढी जमली होती की छपरांवरही जागा नव्हती. आणि कुणी बोलत नव्हतं. रोमन गर्दी इतकी गप्प असलेली अर्किपोसनं कधी पाहिली नव्हती. त्यांनाही हे आवडलेलं नव्हतं. पण कुणी घरी गेलं नाही.

गॉल जोडपं आधी उतरवलं. बाई बारीक होती, तिनं नवऱ्याचा हात सोडला नाही. मग हमाल. तो अर्किपोसजवळ आला, त्याला ग्रीक बोलताना ऐकून त्याचे डोळे चमकले.

"बाबा, तू आपला आहेस का? हे काय चाललंय? मला कुणी काही सांगत नाही."

दोन्ही बाजूंना पुजारी होते. मामिलियस बघत होता. अर्किपोसनं सांगितलं. खोटं बोलायचं त्यानं ठरवलं होतं, देवाचा पाहुणचार आहे असं काहीतरी. पण तोंडातून खरंच निघालं. हमाल ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण मी तर कालपरवाच आलो," आणि ते दोनदा म्हणाला.

ग्लिकानं चालायला नकार दिला नाही. तिचे हात बांधलेले होते. तिनं अर्किपोससमोर पाय रोवले आणि ग्रीकमध्ये बोलली, हळू, पहिल्यांदाच हळू.

"पोथी तू वाचलीस?"

"हो."

"त्यात माझं नाव आहे?"

"नाही."

"देव आमचे नेले," ग्लिका म्हणाली. "मंत्र आमचे, पोथी आमची, ती वाचणारासुद्धा आमचाच. आणि खड्ड्यालाही आम्हीच." मग ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली, काहीतरी जुळवत असल्यासारखी. "त्या दिवशी पळत होतास तू. मिर्टोकडं जात होतास ना?"

अर्किपोसनं मान हलवली.

"लपवलीस तिला?"

"हो."

"बरं केलंस." ती शिडीकडं वळली आणि पुन्हा मागं पाहिलं. "थांबायचीही गरज नव्हती. जाता जाता एक हाक मारायचीस, 'ग्लिका, पळ' एवढी. मी पळाले असते रे. मी जाड आहे, पण पळाले असते."

त्यानं मंत्र म्हटला. शब्द एकही चुकला नाही. खालून गॉल बाईचा आवाज येत होता, गाणं की रडणं ते कळत नव्हतं. फळ्या बसल्या, दगड बसला, माती पडली, तरी तो आवाज त्याच्या कानात चालू राहिला.

मिर्टो आठवड्यानं खोलीवर परत आली. तिला सगळं कळलं होतं, बाजारात कळायचं राहत नाही. तिनं चूल पेटवली, भाकरी केली, त्याच्यापुढं ठेवली. मग म्हणाली, "तू मला विचारलं नाहीस."

"काय विचारायचं?"

"मी म्हणाले असते, थांब, ग्लिकालाही घेऊ. तिला देवीच्या धान्याच्या कोठीत लपवलं असतं."

"लाओदिके म्हणाली, एकच."

"तू तिला विचारलंस तेव्हा तुझ्या तोंडातही एकच होतं," मिर्टो म्हणाली. ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती डहाळ्या घेऊन बाहेर दारातच बसायला लागली. खोलीत त्यांचं बोलणं कामापुरतं उरलं.

तिसऱ्या वर्षी गॉल खरंच आले. समुद्रकाठी मोठी लढाई झाली आणि ते कापले गेले. देवांचे आभार मानायला रोममध्ये तीन दिवस देवळं उघडी होती. मामिलियसनं भर रस्त्यात पालखीतून उतरून अर्किपोसच्या खांद्यावर हात ठेवला. "पाहिलंस? खरं ठरलं." आजूबाजूचे लोक त्याच्याकडं आदरानं बघायला लागले. कुणीतरी त्याच्या हातात अंजिरं ठेवली. त्यानं ती धरून ठेवली आणि कोपऱ्यावर गेल्यावर ओकला.

आणि मंडळानं ठरवलं होतं, की दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी त्या दगडावर दूध ओतायचं, मंत्र म्हणायचा. वाचक तोच. पहिल्या वर्षी त्यानं म्हटला, दुसऱ्या वर्षी म्हटला. लढाईच्या वर्षी म्हणताना त्याला दगडाखालून कुणी ठोकतंय असं वाटलं. तो जाणून होता की तसं काही नाही. तरी त्यानं मंत्र अर्ध्यावर थांबवून कान दिला, आणि सगळे त्याच्याकडं बघत राहिले.

त्यानंतर तो आंधळा झाला.

एकदम नाही. आधी अक्षरं पुसट दिसतात म्हणाला. मग पायऱ्यांवर अडखळायला लागला, एकदा मुद्दाम पडला आणि हनुवटी फोडून घेतली. मग एके सकाळी तळघरात पान हातात घेऊन म्हणाला, "धनी, काही दिसत नाही." मंडळानं वैद्य आणला. वैद्यानं पेटलेली काडी त्याच्या डोळ्यांसमोर नाचवली, भुवई करपेपर्यंत जवळ आणली. अर्किपोसनं तीन महिने रोज दिव्याच्या ज्योतीकडं टक लावून सराव केला होता. त्याची पापणीही लवली नाही.

"बुबुळं तर स्वच्छ आहेत," वैद्य म्हणाला.

मामिलियसनं वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं. त्याला खरं कळलं होतं की नव्हतं, हे अर्किपोसला कधीच समजलं नाही. "ठेवा सेरेसच्या कोठारात," शेवटी तो म्हणाला. "जातं ओढायला डोळे लागत नाहीत." नवा वाचक आणला, कोरिंथचा, चलाख, फार बोलणारा. सीमोस तोवर वारला होता.

पुढची सहा वर्षं अर्किपोस आंधळा होता. दिवसभर जातं ओढे. संध्याकाळी मिर्टो येऊन त्याचा हात धरून खोलीवर नेई. पाय ठेवताना चाचपडे, पेला शोधताना हात हवेत फिरवी. खोलीत दोघंच असतानाही तो तसाच वागे. एकदा तिनं त्याच्यासमोर वाटेत तिपाई ठेवली. तो तिला धडकला, घोटा सुजला, तरी काही बोलला नाही. तिनं तिपाई उचलून बाजूला ठेवली आणि घोट्याला तेल लावलं.

सहाव्या वर्षी वसंतात नेआपोलिसहून एका खलाशाबरोबर मिर्टोला चिठ्ठी आली. मडक्याच्या तुकड्यावर शाईनं लिहिलेली, चार ओळी. मिर्टोला वाचता येत नव्हतं. ती तुकडा हातात फिरवत बसली.

"देवळात जाते," ती म्हणाली. "लाओदिकेबाईंकडून वाचून घेते."

"त्या आजारी आहेत," अर्किपोस म्हणाला.

"मग त्या कोरिंथवाल्याकडं."

तुकडा तिच्या मांडीवर होता, अक्षरं त्याच्याकडं तोंड करून. तिच्या भावाचं अक्षर, वाकडंतिकडं. एका नजरेत सगळं वाचून झालं होतं. त्यानं जबडा घट्ट आवळला. मिर्टो उठली, शाल घेतली, दाराशी पोचली.

"तुझी आई अंथरुणाला खिळलीय," अर्किपोस म्हणाला. "पाय सुजलेत. तुझं नाव घेते. भाऊ म्हणतो, पौर्णिमेच्या आत निघ, नाहीतर येऊ नकोस."

मिर्टो दाराशी पाठमोरी उभी राहिली. मग दार ओढून घेतलं आणि कडी लावली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "हळू. भिंतीपलीकडं ऐकू जाईल."

त्यानं पुन्हा वाचलं. शब्दाला शब्द, जसं होतं तसं. ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि पहिल्यांदा, कितीतरी दिवसांनी, नीट त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तो नजर चुकवायला विसरला.

"तुला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"तिपाईच्या दिवशी कळलं. आंधळा माणूस धडकायच्या आधी श्वास रोखत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझ्याजवळ तेवढंच होतं," मिर्टो म्हणाली.

चार दिवसांनी तिचं गलबत होतं. तो जाऊ शकत नव्हता, नगराची वस्तू नगराबाहेर जात नाही. धक्क्यापर्यंत तिनंच त्याला हात धरून नेलं, नेहमीसारखं. त्यानं डोळे समोरच्या रिकाम्या जागेवर ठेवले होते. त्यामुळं फळीवरून चढताना ती शेवटी कशी दिसली हे त्याला नीट पाहता आलं नाही, फक्त शालीचा तांबडा काठ दिसला. ती परत येईन म्हणाली नाही, येणार नाही असंही नाही. "जात्याचा दांडा सैल झालाय, हाताला लागेल, सांग त्यांना," एवढं म्हणाली.

गलबत वळणाआड गेल्यावरही तो तिथंच उभा होता. पोती वाहणाऱ्या एका हमालानं त्याला विचारलं, "आंधळेबाबा, कुठं जायचंय? सोडू का?"

"सेरेसच्या कोठाराला," अर्किपोस म्हणाला आणि हात पुढं केला.